शेजारच्या खुर्चीतला डिफेंडर

किडन्या गेल्याचं ज्यांना याच आठवड्यात कळलंय, त्यांनी हे लगेच वाचू नये, असं माझी बायको मृणाल म्हणते. आधी रडून घ्यावं, चार घास जेवावं, झोपावं, मग वाचावं. मला तिचं पटतं. पण त्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः असं काहीतरी शोधत होतो, जे डॉक्टरने लिहिलेलं नसेल. सकाळी उठल्यावर असा माणूस करतो काय, एवढंच मला हवं होतं. ते सांगायचा प्रयत्न करतो. त्यात पॅराग्वेच्या एका निवृत्त फुटबॉलपटूबद्दल पुष्कळ येईल. त्याला माझा इलाज नाही. माझं आजारपण मी त्याच्या शेजारी बसून काढलं.

चष्म्याच्या दुकानात

सार्सची साथ ओसरून वर्ष झालं होतं. मी बेचाळीस वर्षांचा होतो, मूळचा पुण्याचा, एका बँकेसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. आमचा फ्लॅट सिंगापूरमधल्या हौगांगला. गेली सहा वर्षं माझं डोकं दुखायचं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पाकिटं असायची. मीटिंगच्या आधी एक, नंतर एक. डॉक्टरकडे जायला वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर वेळ होता, इच्छा नव्हती.

एका शनिवारी अक्षरं पुसट दिसायला लागली म्हणून मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या चिनी गृहस्थांनी माझ्या डोळ्यात दिवा धरला. बराच वेळ बघितलं. दुसरा डोळा बघितला, मग पुन्हा पहिला.

"चष्मा नंतर कर," ते म्हणाले. "आधी डॉक्टरकडे जा. आज. आत्ता."

पॉलिक्लिनिकमधल्या नर्सने रक्तदाब मोजला, मशीन बिघडलंय असं समजून दुसरं आणलं, आणि मग मला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये माझ्यापेक्षा तरुण असलेला एक डॉक्टर पलंगाजवळ स्टूल ओढून बसला. डॉक्टर बसून बोलायला लागला की बातमी वाईट असते, हे मला त्या दिवशी समजलं. रक्तदाबाने दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या, वर त्या गोळ्यांचा भर. मृणाल त्याचा प्रत्येक शब्द डायरीत लिहून घेत होती. तिचं अक्षर सुंदर आहे. त्या पानावरचं मात्र मला आजही लागत नाही.

मी विचारलं, "सोमवारी माझं प्रोजेक्ट लाइव्ह जातंय. तोवर थांबता येईल का?"

तो म्हणाला, "मिस्टर शिरीष, तुम्ही आधीच बरीच वर्षं थांबला आहात."

आमची मुलगी सई तेव्हा दहा वर्षांची. मृणालने तिला घरी जाऊन सगळं समजावलं. ती म्हणाली, "सो बाबा ओके ऑर नॉट?" 

सात ते अकरा

पहिला दीड महिना गळ्यात घातलेल्या नळीवर निघाला. मग डाव्या हातात ऑपरेशन करून केलेली ती जाड शीर तयार झाली, जिच्यावर बोट ठेवलं की आत मोबाइल थरथरल्यासारखं वाटतं. मला घराजवळचं सेंटर मिळालं. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, एका ब्लॉकच्या तळमजल्यावर, बाहेर म्हातारे पत्ते खेळत बसलेले, आत बारा खुर्च्या आणि बारा मशीन. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. आल्यावर वजन करायचं, जाताना वजन करायचं. मधल्या दिवसांत शरीरात किती पाणी साठलं ते त्यातून कळतं. तिथे कुणी कुणाला 'कसा आहेस' विचारत नाही. 'किती वर आहेस' विचारतात.

पहिल्या दिवशी सिस्टर नोरने सुया टोचल्या आणि मी माझं रक्त पारदर्शक नळीतून मशीनकडे जाताना पाहिलं. डोळे गच्च मिटून घेतले.

"मिटू नकोस," शेजारून आवाज आला. "मिटलेस की मशीनचा आवाज मोठा होतो."

शेजारच्या खुर्चीत एक लांबलचक माणूस पडला होता. खुर्ची त्याला पुरत नव्हती. गुडघ्यापर्यंत फुटबॉलचे पांढरे मोजे घातलेले पाय पुढे हवेत लोंबत होते. नाक दोनदा मोडलेलं. केस करडे. सगळे त्याला 'कोच' म्हणायचे. नाव रामोन. वय सत्तेचाळीस. तो तीन वर्षं त्याच खुर्चीत होता.

"फुटबॉल बघतोस?" त्याने विचारलं.

"क्रिकेट," मी म्हणालो.

त्याने छताकडे बघून खोल श्वास सोडला. "चार तास आहेत. शिकवतो."

ज्याचं नाव रेडिओवर आलं नाही

तो आठवणी क्रमाने सांगायचा नाही. आज एखादी मॅच, परवा त्याच्या आधीची दहा वर्षं. दोन वर्षांत मी ते सगळं जुळवून घेतलं.

त्याचं गाव नदीकाठी होतं, पलीकडच्या काठावर दुसरा देश. वडील मांसाच्या कारखान्यात. दोन भाऊ: रामोन थोरला, सेल्सो चार वर्षांनी धाकटा. तांबड्या मातीच्या मैदानावर दोघं अनवाणी खेळायचे. रामोन ताडमाड उंच, पण बॉल पायात घोटाळायचा. गावातल्या मास्तराने त्याला सांगितलं, "तुला स्वतःला खेळवता येत नाही ना? मग मागे उभा राहा आणि दुसऱ्याला खेळू देऊ नकोस." असा तो डिफेंडर झाला. सतराव्या वर्षी बसने राजधानीत गेला आणि एकाच क्लबात सोळा हंगाम खेळला. शेवटची पाच वर्षं कॅप्टन.

त्याने अडवलेले स्ट्रायकर त्याला सगळे आठवायचे. कोण डावीकडे वळण्याआधी खांदा पाडायचा, कोण थकला की चिडायचा, कोणाच्या तोंडाला लसणाचा वास यायचा. स्वतः मारलेले गोल मात्र आठवायचे नाहीत. "चार असतील. किंवा पाच."

राष्ट्रीय संघात त्याची तीनदा निवड झाली. दोनदा बाकावर बसून परत आला. तिसऱ्यांदा शेवटची नऊ मिनिटं मैदानात उतरवलं. नऊ मिनिटांत चारदा बॉलला स्पर्श झाला, चारही वेळा डोक्याने. गावी वडील रेडिओला कान लावून बसले होते. समालोचकाने त्याचं नाव एकदाही घेतलं नाही.

"मला फार लागलं होतं," तो म्हणाला. "वडिलांना म्हटलं, तुम्हाला कळलंच नसेल मी खेळलो ते. ते म्हणाले, नाव आलं नाही, म्हणजे चूक केली नाहीस. मला तेवढंच ऐकायचं होतं."

हे सांगताना तो हसत होता. मशीनची पिशवी बदलायला आलेली नोरही थांबून ऐकत होती.

गुडघा सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्या क्लबात डॉक्टर होता, त्याच्याकडे सुई होती. मॅचच्या आधी एक इंजेक्शन, कधी मध्यंतरात दुसरं. मधल्या दिवसांत गोळ्या. मोज्यात ठेवायचा, शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकायचा. "कॅप्टन होतो. कॅप्टन बाहेर बसला की पोरं घाबरतात." तेहतिसाव्या वर्षी तिकडे कुणी घेईना, तेव्हा एजंटने त्याला सिंगापूरला पाठवलं. इथे चार हंगाम. स्टेडियम लहान, माणसं थोडी. तो म्हणायचा, "तिकडे प्रेक्षक म्हणजे एक मोठा आवाज असायचा. इथे मला पहिल्यांदा त्यांचे चेहरे दिसले." म्हणून राहिला. खेळणं संपल्यावर शाळांमधून शिकवायला लागला, पर्मनंट रेसिडेंट झाला. लग्न झालं होतं, मोडलं, मूल नव्हतं. हौगांगमध्येच एका कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचा.

किडन्या कशाने गेल्या हे त्याला इथल्या डॉक्टरने सांगितलं. सतरा वर्षांच्या गोळ्या.

मी त्याला माझ्या ड्रॉवरबद्दल सांगितलं. 

"मी निदान मॅच तरी खेळत होतो," तो म्हणाला. "तू कशासाठी?"

मी म्हणालो, "मीटिंगसाठी."

आम्ही दोघं इतके हसलो की माझ्या मशीनचा अलार्म वाजला. नोर धावत आली आणि दोघांनाही रागावली.

शहाळी

घरी कोण किती हसत होतं, तेही सांगायला हवं. मृणाल भाज्या दोनदा उकळून पाणी फेकून द्यायची, त्यामुळे जेवणाला चव नसायची, आणि मी ते बोलून दाखवायचो. दिवसभरात सगळं मिळून अर्धा लिटर पाणी. त्यात चहा, त्यात आमटी, त्यात गोळ्या गिळायचं. सिंगापूरच्या उकाड्यात. एकदा सई माझ्यासमोर घटाघटा पाणी प्यायली म्हणून मी तिच्यावर ओरडलो. त्यानंतर ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायला लागली. हे मी लिहितोय कारण हे होतं, सगळ्यांच्या घरी होतं, आणि त्याची माफी वेळेवर मागता येते. मी वेळेवर मागितली नाही.

एका रविवारी मृणालच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर आम्ही पुलाउ उबीन नावाच्या बेटावर गेलो. बमबोटीत, म्हणजे तिथल्या लाकडी लाँचमध्ये, वारा छान होता. बाकीचे सायकली घेऊन पुढे गेले. मी झाडाखाली बसलो. समोर एक मलाय आजी शहाळी विकत होती. मला सगळं माहीत होतं. नारळपाण्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं आणि ते आमच्या हृदयाला घातक, हे आमच्यासारख्याला पहिल्याच दिवशी सांगतात. मी एक प्यायलो. मग दुसरं. दोन वर्षांत इतकं सुख मला कशानेच झालं नव्हतं.

परतीच्या बोटीत पाय जड झाले, मग छाती. मृणालने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. धक्क्यावरून थेट हॉस्पिटल. तातडीने डायलिसिस लावलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं असतं. मृणाल मला काही बोलली नाही. दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुला जायचं असेल तर मला सांगून जा. असं सईसमोर नको."

कोचला हे कळलं तेव्हा मला वाटलं तो हसेल. तो नाही हसला.

वैजूचा फोन

मृणालचा रक्तगट जुळत नव्हता. ते कळलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ती भिंतीकडे तोंड करून रडली होती, जणू तिनेच काही चूक केली होती. माझं नाव प्रतीक्षायादीत होतं. ती यादी वर्षांनी मोजतात.

शहाळ्यांच्या प्रकारानंतर माझी धाकटी बहीण वैजू हिचा सांगलीहून फोन आला. ती शाळेत गणित शिकवते.

"दादा, माझाही ओ आहे. मी तपासून घेतलंय. मी येते."

"काही नको," मी म्हणालो. "तुला दोन मुलं आहेत."

"तुला एक आहे."

तिच्या नवऱ्याने, शेखरने, फोन घेतला. "दादा, राग मानू नका. तिला उद्या काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?" मला राग आलाच. नंतर विचार केला, त्याच्या जागी मी असतो तर एवढं सरळ विचारायचं धाडस मला झालं असतं का? मी वैजूला ठाम नाही सांगितलं आणि शुक्रवारी कोचला मोठ्या अभिमानाने तसं सांगितलं.

तो उठून बसला. सुया टोचलेल्या असताना असं बसायचं नसतं.

"मैदानावर मी नव्वद मिनिटं काय ओरडायचो माहीत आहे? मागे ये! मला कव्हर दे! मी एकटा आहे! ज्या डिफेंडरला हे ओरडायची लाज वाटते, तो पंधरा मिनिटांत आख्खी टीम बुडवतो. तुझी बहीण स्वतःहून धावत मागे आलीय आणि तू तिला हाकलतोस?"

मी चिडून म्हणालो, "मग तू का ओरडत नाहीस? तुला भाऊ आहे ना?"

तो हळूहळू पुन्हा आडवा झाला.  सोमवारी आल्यावर, मी न विचारता, त्याने सांगितलं.

सिंगापूरच्या तिसऱ्या हंगामात कपची फायनल शनिवारी होती. मंगळवारी सेल्सोचा निरोप आला, वडील गेले. घरी पोचायला दोन दिवस लागतात. निघाला असता तर पुरण्याआधी पोचला असता. तो निघाला नाही. दोन इंजेक्शनं घेऊन फायनल खेळला. ते जिंकले. महिन्याभराने सेल्सोचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं: 'पेटी उचलायला सहा जण लागतात. आम्ही पाच होतो. सहावा रस्त्यावरून बोलावला.'

"त्यानंतर तेरा वर्षं आम्ही बोललेलो नाही," कोच म्हणाला. "वडिलांचं आजारपण त्याने एकट्याने काढलं. आणि आता मी त्याला म्हणू, तुझी किडनी दे?"

 मी म्हणालो, "मी वैजूला हो म्हणतो. तू त्याला फोन कर. माग किंवा नको मागू. आजारी आहेस एवढं तरी सांग."

आईची भाषा

फोन आमच्या घरून केला. संध्याकाळचे सात, तिकडे सकाळ. मृणालने त्याला अर्धा कप चहा दिला, मोजून. तो सोफ्याच्या कडेवर इतका अवघडून बसला होता की सई त्याच्यासाठी उशी घेऊन आली.

मला वाटलं होतं तो स्पॅनिश बोलेल. पण पलीकडून आवाज आला आणि तो दुसऱ्याच भाषेत बोलायला लागला, मऊ, नाकातून येणारी. सईने हळूच विचारलं, "अंकल, व्हॉट लँग्वेज?" त्याने रिसीव्हरवर हात ठेवून सांगितलं, "गुआरानी. माझ्या आईची."

बोलणं फार झालं नाही. मधे एकदा मला वाटलं लाइन तुटली. मग त्याने दोन वाक्यं सांगितली, एक ऐकलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"बघतो, म्हणाला."

"मग चांगलं झालं की!"

"तू आमच्याकडचा नाहीस," कोच म्हणाला. "आमच्याकडे 'बघतो' म्हणजे नाही."

मी म्हणालो, आमच्याकडेही तसंच आहे. तो हसला, पण त्याच्या मनात उमेद होती हे मला दिसत होतं. पुढचे काही आठवडे तो सेंटरमध्ये फोन उशाशी ठेवून पडायचा. मग तो फोन पिशवीत जायला लागला. 

पाणी

वैजू आली, शेखरही रजा काढून आला. तपासण्या झाल्या. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे तिची एकटीची मुलाखत झाली. कुणी दबाव आणलाय का, असं विचारल्यावर ती घाबरून मराठीतच म्हणाली, "नाही हो, उलट तोच नको म्हणत होता," आणि मग तेच इंग्रजीत सांगितलं.

ऑपरेशनबद्दल मला फारसं आठवत नाही. जागा झालो तेव्हा नर्सने पलंगाखालची पिशवी वर उचलून दाखवली. ती भरत होती. ज्याची लघवी दोन वर्षं थांबलेली असते त्यालाच त्या पिवळ्या पाण्याचं मोल कळेल. पण मला आनंद झाला का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. शेजारच्या वॉर्डात वैजूला माझ्यापेक्षा जास्त दुखत होतं. देणाऱ्याला जास्त दुखतं, हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. तिला खोकताही येत नव्हतं. मला चाकांच्या खुर्चीतून तिच्याकडे नेलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, हसवू नकोस." मी रडत होतो.

चौथ्या दिवशी कोचचा फोन आला.

"पाणी प्यायलास?"

"हो. डॉक्टर म्हणतात, दिवसाला तीन लिटर प्यायचं."

"पहिल्यांदा किती प्यायलास?"

"एक आख्खा ग्लास."

"थंड?"

"नाही, साधं."

"एका दमात?"

"अर्धा एका दमात. मग थांबलो. मग उरलेलं."

"सावकाश सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. ग्लास कसा होता, नर्सने कसा दिला, घशातून उतरताना काय वाटलं.  शेवटी "ब्राव्हो" म्हणाला आणि फोन ठेवला. ते आमचं शेवटचं बोलणं.

सोमवार

डायलिसिसवरच्या माणसाला सोमवार वाईट. शुक्रवारनंतर दोन दिवस मधे जातात, पाणी साठतं, हृदयावर ताण येतो. माझ्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. त्या सोमवारी कोच सातला आला नाही. साडेसातला नोरने त्याला फोन केला, मग घरमालकांना. त्यांनी दार उघडलं. तो पलंगावर होता. मोजे पायात होते, सेंटरला निघायच्या तयारीत.

मृणालने मला चार दिवस सांगितलं नाही. माझा रक्तदाब वाढेल, नवी किडनी नाकारली जाईल, अशी तिला भीती होती. मला नोरकडून कळलं. मी मृणालवर खूप चिडलो. ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी काहीही लपवीन. चिडायचं तर चीड."  सेल्सोचा नंबर आमच्या फोनमध्ये होता, म्हणून त्याला तिनेच आधी फोन केला होता. कोचबरोबर इथे खेळलेल्या एका अर्जेंटिनी मित्राला मी झोपल्यावर घरी बोलावून, त्याच्याकडून सेल्सोला स्पॅनिशमध्ये सांगवलं होतं. हे तिने मला नंतर सांगितलं. सेल्सो येईपर्यंत दफन थांबवलं होतं.

चर्चमध्ये त्याच्या शाळांमधली मुलं-मुली जर्सी घालून आली होती. मी तोंडाला मास्क लावून शेवटच्या बाकावर बसलो, शेजारी वैजू. डॉक्टरांनी तिला अजून विमानप्रवास नको सांगितला होता, म्हणून शेखर एकटाच सांगलीला परतला होता. सेल्सो पुढे होता. कोचइतकाच उंच, पण नाक सरळ. नाक मोडलं नसतं तर कोच कसा दिसला असता, ते मला तेव्हा दिसलं.

सगळं झाल्यावर अंगणात तो अर्जेंटिनी मित्र सेल्सोला घेऊन आमच्याकडे आला. सेल्सोने माझा हात दोन्ही हातांत धरला. मग काखेतली फाइल काढली. निळी, पुठ्ठ्याची, दोरी बांधलेली. आत कागद होते. रक्ताचे, लघवीचे, सोनोग्राफीचे. त्याच्या गावी हे काही होत नाही. प्रत्येक तपासणीसाठी तो बसने राजधानीत गेला होता, दर वेळी कामावरून रजा मिळेल तेव्हा. सगळे कागद हातात आल्यावर भावाला फोन करायचा, असं त्याने ठरवलं होतं. आधी हो म्हणायचं आणि मग जुळत नाही निघालं तर त्याला पुन्हा दुखवल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. शेवटचा कागद हातात आला त्याच आठवड्यात मृणालचा फोन गेला.

मित्राने ते इंग्रजीत सांगितलं. सेल्सोने पहिल्या कागदावर बोट ठेवलं. रक्तगट. ओ. त्याने माझ्याकडे बघितलं.

कोचचा गट मला माहीत होता. मी खोटं बोलू शकलो असतो. "हो," मी म्हणालो. "तोच."

त्याने मान हलवली. फाइल बंद करून दोरी बांधली. मग तो वैजूकडे वळला. ती कोण हे मित्राने त्याला सांगितलं होतं. त्याने तिच्या डाव्या कुशीकडे हात केला, स्पर्श न करता, आणि काहीतरी विचारलं.

"किती दुखलं, विचारतोय," मित्र म्हणाला.

वैजूने माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघूनच म्हणाली, "पहिले चार दिवस फार. मग कमी होतं."

त्याने विचारलं, हॉस्पिटलात किती दिवस ठेवतात. सहा, वैजू म्हणाली. कोणत्या कुशीवर झोपता येतं. उजव्या, पण आधी उशी लागते. जिना चढता येतो का. पंधरा दिवसांनी, सावकाश. वजन उचलायचं काम असेल तर? तीन महिने थांबायचं. आणि नंतर, एकीवर, माणूस पहिल्यासारखं काम करू शकतो का?

"मी जूनमध्ये शाळेत परत जाणार आहे," वैजू म्हणाली.

मित्राने ते सांगितलं. सेल्सोने थोडा विचार केला आणि आणखी एक प्रश्न विचारला, मग आणखी एक. मुलं निघून गेली, अंगण रिकामं झालं. वैजूला एवढा वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून मी तिच्या पाठीमागे हात धरून उभा राहिलो. ती एकेका प्रश्नाचं उत्तर देत राहिली, नीट, न चुकवता, ऑपरेशन अजून व्हायचं आहे अशा माणसाला द्यावं तसं.